तिखट नेमकं कुठे लागलं?

सोलमधल्या मालाथांगच्या दुकानात शिरलं, की भाज्या, शेवया, मशरूम, मांसाचे काप असं काय हवं ते आपणच भांड्यात उचलून घ्यायचं, वजन करून द्यायचं आणि मूळच्या चिनी, झणझणीत रश्श्यात शिजवून घ्यायचं. पैसे देताना एक प्रश्न हमखास येतो: तिखट किती हवं? भिंतीवर पायऱ्या लिहिलेल्या असतात आणि त्यातल्या एखाद्या पायरीपुढे बऱ्याचदा खुलासा असतो, 'शिन राम्यॉनइतकं'. शिन राम्यॉन म्हणजे नोंगशिम कंपनीने 1986 मध्ये बाजारात आणलेल्या झटपट शेवया. पाकिटावरच्या भल्यामोठ्या चिनी अक्षराचा कोरियन उच्चार 'शिन' आणि अर्थ 'तिखट'. कंपनीच्या संस्थापकांचं आडनावही याच अक्षराने लिहिलं जातं. हा पदार्थ देशात जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी खाल्लेला असतो, म्हणून तो तिखटाचं माप होऊन बसला. 'शिनपेक्षा जरा जास्त' म्हटलं की कुणालाही कळतं.

पण 'किती' हा प्रश्न ऑर्डर देण्यापुरता. जेवायला बसल्यावर कोरियन माणूस तिखटाबद्दल जे बोलतो, त्यात मापापेक्षा जागेला महत्त्व असतं. तिखट जिभेच्या शेंड्याला लागलं की घशात उतरलं, नाकात गेलं की कानशिलावर घाम फुटला, पटकन विझलं की बराच वेळ रेंगाळलं, यातल्या प्रत्येकासाठी त्या भाषेत वेगळा शब्द आहे आणि हे शब्द कोशात पडून राहिलेले नाहीत. खाणावळीच्या फलकावर, दूरदर्शनच्या पाककृतींमध्ये, आईच्या बोलण्यात ते रोज येतात.

मूळ शब्द 'मॅप्ता'. तिखट असणे, एवढाच त्याचा अर्थ. घास तोंडात जाताच भाजलं, तर 'आ, मॅवॉ!' असा उद्गार निघतो. राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेच्या प्रमाण कोशात या एका शब्दाखाली चवीच्या पलीकडचे अर्थही दिले आहेत: स्वभावाने कडक, कडाक्याची थंडी, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि कामात खंबीर, नीटस. ज्याची थप्पड लागते त्याचा हात 'मॅप्ता' आणि ज्याची शिवण किंवा सुरीकाम सुबक त्याच्या बोटांची टोकंही 'मॅप्ता'. लहानखुऱ्या पण कर्तबगार माणसाबद्दल 'लहान मिरचीच तिखट' ही म्हण कोरियात मुलांनाही पाठ असते.

मिरची मात्र या शब्दाच्या मानाने फारच उशिरा आली. मॅप्ता 15 व्या शतकातल्या कोरियन लेखनातही सापडतो. मिरची कोरियात पोहोचली ती बहुतेक इतिहासकारांच्या मते 16 व्या शतकाच्या अखेरीस, जपानने कोरियावर केलेल्या 1592 ते 1598 च्या स्वारीच्या आगेमागे. अमेरिका खंडातलं हे पीक पूर्वेकडे आणलं पोर्तुगीज व्यापाराने. गोव्याच्या किनाऱ्यावर जी मिरची उतरली, तीच त्याच दर्यावर्दी जाळ्यातून जपानला गेली आणि तिथून कोरियात. 1614 मध्ये यी सु-ग्वांग या विद्वानाने लिहिलेल्या 'जिबोंग युसॉल' या ज्ञानसंग्रहात तिचा उल्लेख येतो, तो धास्तीने. ही जपानहून आलेली, हिच्यात जबर विष असतं, लोक हिला 'जपानी मोहरी' म्हणतात, गुत्त्यांमध्ये ही सोजू दारूत घालून विकतात आणि पिणारे दगावतात, असं तो नोंदवतो. त्यानंतर दीडशे वर्षांनी, 1766 च्या एका शेती आणि गृहव्यवस्थेच्या ग्रंथात मिरची घातलेली किमची आणि मिरचीचं आंबवलेलं वाटण, म्हणजे गोचुजांग, यांच्या कृती दिसतात. आज जगाला कोरियन जेवण म्हटलं की लालभडक रंग आठवतो. तो रंग त्या मानाने अलीकडचा आहे.

मग मिरचीआधी मॅप्ता काय होतं? लसूण, आलं, मोहरी, कांदापात आणि तिरफळाच्या जवळच्या एका झाडाची फळं. कोरियाच्या उत्पत्तिकथेतही हे आहे. 13 व्या शतकात इर्योन या बौद्ध भिक्षूने लिहून ठेवलेल्या कथेत अस्वल आणि वाघ माणूस होण्याची इच्छा धरतात, तेव्हा देवपुत्र त्यांना गुहेत बसून फक्त दवणा जातीची एक कडू वनस्पती आणि लसूण खायला सांगतो. वाघ कंटाळून पळतो. अस्वल तग धरून राहतं, स्त्री होतं आणि तिच्या पोटी राष्ट्राचा आद्यपुरुष दांगुन जन्मतो. तिखट सोसणं ही या समाजाच्या आठवणीत इतकी जुनी गोष्ट आहे. मिरची आली तेव्हा तिला बसायला भाषेत पाट आधीच मांडलेला होता, आणि लसूण, मोहरी, आलं यांच्या झोंबण्यातले फरक सांगायची सवयही होती.

हे फरक कोरियन भाषा कसे करते, ते पाहण्यासारखं आहे. तिच्यात स्वर 'उजळ' आणि 'गडद' अशा दोन गटांत पडतात. आ आणि ओ हे उजळ: त्यांनी शब्द हलका, लहान, चटपटीत होतो. ऑ आणि उ हे गडद: त्यांनी तोच शब्द जड, मोठा, खोल होतो. मराठीत थेंब 'टिपटिप' पडणं आणि 'टपटप' पडणं यात जो फरक ऐकू येतो, तशी गोष्ट कोरियनमध्ये शेकडो शब्दांत नियमाने चालते. लहान भांड्यातलं कालवण 'बोगुल-बोगुल' उकळतं, मोठ्या हंड्यातलं 'बुगुल-बुगुल'. मनात राग उकळतो तोही 'बुगुल-बुगुल'.

चवीला हाच नियम लागू होतो. ताज्या तिळाच्या तेलाचा किंवा भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा 'गोसो'. तोच शब्द गडद स्वरांत बुडवला की 'गुसु' होतो आणि तो लागतो दोएनजांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या कालवणाला, किंवा भाताच्या तळाशी लागलेल्या खरपुडीत पाणी घालून केलेल्या गरम पेयाला. दोन्ही खमंगच, पण एक वरवर दरवळणारा आणि दुसरा संथ, पोटात उतरणारा. गोष्ट रंगवून सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं बोलणंही 'गुसु' असतं. आंबटाचं तसंच. ताज्या फळाची, तोंडाला पाणी सुटणारी आंबट चव 'सॅखोम' आणि जास्त मुरलेल्या, नाक मुरडायला लावणाऱ्या आंबटपणाला 'शिखुम'.

व्यंजनंही हातभार लावतात. साधं, महाप्राण आणि ताणून उच्चारलेलं, अशा तीन पायऱ्या कोरियन व्यंजनांना असतात. क आणि ख यांतला फरक मराठी कानाला उपजतच कळतो, त्यामुळे पुढचं उदाहरण आपल्याला सोपं जावं. रस्सा तोंडाला किंचित बधिर करेल इतका तिखट असेल तर तो 'ऑल्गुन'. ग च्या जागी ख आला की 'ऑल्खुन', म्हणजे जरा जोरकस. आणि ऑ च्या जागी आ ठेवून 'आल्खुन' म्हटलं, की तोच अनुभव पुन्हा हलका होतो. एका धातूभोवती अशी सारी भावंडं उभी राहतात. त्यांना जोडून येणारं 'हादा' हे नुसतं क्रियापद, 'असणे' किंवा 'करणे' अशा अर्थाचं.

यातला 'ऑल्खुन' हा शब्द जरा जवळून पाहायला हवा. तो थंड पदार्थाला सहसा लागत नाही. मिरचीची चटणी लावलेली काकडी कितीही जहाल असली तरी ती ऑल्खुन होत नाही. त्यासाठी रस्सा हवा आणि तो गरम हवा: माशाचं 'मॅउनथांग', मांसाच्या धाग्यांचं 'युकगेजांग', तिखट शेवया. पहिल्या चमच्याला तोंड पोळतं, तिसऱ्या-चौथ्याला छाती गरम होते, कपाळावर घाम येतो आणि डोकं किंचित हलकं होतं. म्हणूनच माफक दारू चढलेल्या माणसालाही ऑल्खुनच म्हणतात. हा शब्द अख्ख्या अंगाचा आहे.

विज्ञानाने याला अलीकडे पुष्टी दिली आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या चवीच्या कळ्यांना चेतवत नाही, ते वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राहक-प्रथिनाला जाऊन चिकटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने 1997 मध्ये हा ग्राहक शोधला आणि 2021 मध्ये ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह नोबेल मिळालं. हाच ग्राहक साधारण 43 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. म्हणजे वाफाळता तिखट रस्सा एकाच दारावर दोन बाजूंनी थाप मारतो. तिखट आणि ऊन मिळून जो परिणाम होतो, त्याला कोरियन बोलीने फार पूर्वीच स्वतंत्र नाव देऊन ठेवलं होतं.

'खाल्खाल' हा शब्द घशाचा. पाककृती सांगणारी कोरियन गृहिणी कालवण होत आलं की म्हणते, चव खाल्खाल हवी असेल तर छॉंगयांग मिरची 'सोंगसोंग' चिरून टाका. सोंगसोंग म्हणजे बारीक, पातळ चकत्या, सुरीच्या लयीत. छॉंगयांग ही बोटभर लांबीची हिरवी मिरची 1980 च्या दशकात बियाणं-संशोधकांनी संकरातून तयार केली. तिच्या नावावरून दोन भागांत वाद आहे. दक्षिण छुंगछॉंग प्रांतातला छॉंगयांग जिल्हा म्हणतो, नाव आमचं. बियाणं तयार करणाऱ्यांच्या बाजूचं म्हणणं असं, की उत्तर ग्यॉंगसांगमधल्या छॉंगसोंग आणि यॉंगयांग या दोन ठिकाणांची नावं जोडून ते बनलं. वाद काही असो, तिच्या तीन-चार चकत्यांनी रश्श्याचा रंग बदलत नाही, दाटपणा येत नाही, फक्त गिळताना घशात एक रेघ ओढल्यासारखं होतं. ते खाल्खाल. तहानेने किंवा धुळीने घसा कोरडा, खरखरीत झाला तरी हाच शब्द.

कच्च्या लसणाच्या झोंबण्याला 'आल्स्सा' म्हणतात. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस लेट्यूसच्या पानात घ्यायचं, वर चिमूटभर साम्जांग नावाची चटणी आणि लसणाची कच्ची चकती ठेवून पुडी करायची आणि एका घासात तोंडात कोंबायची. दाताखाली लसूण फुटल्यावर जे नाकाकडे चढतं आणि पटकन ओसरतं, ते आल्स्सा. मोहरीच्या थंड चटणीलाही हा शब्द चालतो. लसूण आणि मोहरीतली झोंबरी द्रव्यं मुख्यतः वेगळ्याच एका ग्राहकाला चेतवतात, हेही प्रयोगशाळेत नंतर कळलं. पुदिन्याच्या गार झिणझिण्यांना तिसरा शब्द आहे, 'ह्वाहादा'. आणि सोड्याचा किंवा मोहरीचा फटकारा बसला तर 'थोक स्सोदा', म्हणजे टचकन डंख मारणं. दक्षिणेच्या जॉल्ला प्रांतात मुरवलेला स्केट मासा लग्नाच्या पंगतीत मानाने वाढतात. त्याचा अमोनियासारखा उग्र वास डोळ्यांत पाणी आणतो. त्याच्या भक्तांसाठी 'थोक स्सोदा' ही स्तुती आहे.

परक्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतो तो 'शिवॉन'. कोशात त्याचा पहिला अर्थ गार, आल्हाददायक. उन्हाळ्यातली वाऱ्याची झुळूक शिवॉन. पण सकाळी सहा वाजता दारूचा उतारा म्हणून हॅजांगगुकच्या खाणावळीत बसलेला माणूस मातीच्या भांड्यात अजून उकळत असलेला रस्सा ओरपतो आणि समाधानाने म्हणतो, 'आ, शिवॉनहादा!' कढत पाण्याच्या सार्वजनिक हौदात उतरतानाही म्हाताऱ्यांच्या तोंडून हेच येतं, आणि वडिलांचा शब्द खरा मानून मागोमाग उडी घेणाऱ्या मुलाचा विनोद कोरियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पाठ नेमकी खाजते तिथे खाजवून दिली, बद्धकोष्ठ सुटलं, मनात दाबलेली गोष्ट बोलून टाकली, तरी शिवॉनच. अडकलेलं काहीतरी मोकळं होणं हा त्या शब्दाचा गाभा आहे. तिखट, गरम रश्श्याने घाम फुटतो, घाम वाळताना अंग खरोखर गार पडतं, नाक मोकळं होतं. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, 'बोक' म्हणून पाळल्या जाणाऱ्या तीन दिवसांत, वाफाळतं कोंबडीचं सार खायची रीत याच समजुतीवर उभी आहे: उष्णतेला उष्णतेनेच जिंकावं. कोरियन जेवणात इतकं तिखट लोक आवडीने का खातात, याचं उत्तर मॅप्तापेक्षा शिवॉनमध्ये सापडतं, असं वाटतं. ओढ असते ती जळजळीनंतरच्या मोकळेपणाची.

अशा भाषेवर आकडे बसवायचा प्रयत्नही झाला. 2010 मध्ये कोरियाच्या कृषी खात्याने गोचुजांगच्या तिखटपणासाठी स्वतंत्र एकक ठरवलं. कॅप्सेसिन आणि त्याचं भावंड असलेलं द्रव्य यांचं प्रमाण मोजून डब्यावर पाच पायऱ्या छापायच्या: 30 च्या खाली सौम्य, 100 च्या वर अतितिखट. दुकानात डबा निवडायला त्याचा उपयोग होतो. परदेशी गिऱ्हाइकाला तर फारच. पण घरोघरी अजूनही बोटाने चाटून पाहिलं जातं, कारण गोचुजांगमध्ये तिखटासोबत चिकट तांदळाचा गोडवा आणि मुरलेल्या सोयाबीनची खोली असते. या मुरलेल्या चवीला 'गामछिलमात' असा शब्द आहे, पुन्हा पुन्हा घास घ्यायला लावणारी चव. आणि तीच कृती, तेच सामान असूनही एकाच्या हाताला येते आणि दुसऱ्याच्या हाताला येत नाही, ती 'सोनमात', हाताची चव.

तरुण पिढीने यात आपली भर घातली आहे. त्तॉकबोक्की, म्हणजे तांदळाच्या पिठाचे मऊ, चिवट तुकडे लाल चटणीत शिजवलेले, विकणाऱ्या एका प्रसिद्ध साखळीच्या फलकावर सर्वांत सौम्य पायरीचं नाव आहे 'छाखान मात', गुणी चव. तिच्यानंतर येते 'नवशिक्याची चव'. तिखट न झेपणाऱ्याला मित्रमंडळी प्रेमाने 'मॅपच्चिरी' म्हणतात, तर तिखट पचवण्याच्या अभिमानाला 'मॅपबुशिम'. या अभिमानाला जगभर नेलं साम्यांग कंपनीच्या 'बुल्दाक' शेवयांनी. बुल म्हणजे आग, दाक म्हणजे कोंबडी. 2012 मध्ये आलेल्या या शेवया खाऊन दाखवण्याच्या चित्रफितींचं पीक आलं. जून 2024 मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने त्यातले तीन प्रकार कॅप्सेसिनच्या प्रमाणावरून बाजारातून मागे घ्यायला लावले आणि पुढच्याच महिन्यात त्यातल्या दोन प्रकारांवरची बंदी उठवली. कोरियन वर्तमानपत्रांनी ही बातमी चवीने छापली.

सगळ्या कोरियाला हे तिखट मान्य आहे असं मात्र नाही. उत्तरेकडचं जेवण पूर्वीपासून मिळमिळीतच म्हणता येईल इतकं सौम्य. प्योंगयांगच्या थंड शेवयांच्या पातळ, पारदर्शक रश्श्यासाठी 'सुमसुम' हा शब्द आहे, म्हणजे मीठ-मसाला जेमतेम लागलेला, पण त्यामुळेच सूक्ष्म चव कळणारा. एप्रिल 2018 मध्ये दोन्ही कोरियांच्या नेत्यांच्या भेटीत या शेवया वाढल्या गेल्या, तेव्हा सोलमधल्या त्या शेवयांच्या दुकानांपुढे दुपारी रांगा लागल्या. बेचव आणि सुमसुम हे दोन वेगळे शब्द असणं हे त्या भाषेच्या जिभेचं मोठेपण आहे. निव्वळ बेचव म्हणजे 'शिंगॉप्ता', आणि उगाच काहीबाही पाचकळ बोलणारा माणूसही शिंगॉप्ता. कंजूष माणूस खारट, गुण देताना हात आखडणारा परीक्षकही खारट. आणि आगाऊ माणसाची फजिती झाली की बघणाऱ्याला जे वाटतं, ते 'गोसो', तोच तो तिळाच्या तेलाचा खमंगपणा.

चवीचे शब्द आता पडद्यावरही गेले आहेत. महाराष्ट्रातली पुष्कळ मुलंमुली कोरियन मालिका मूळ आवाजात, खालच्या ओळी वाचत पाहतात. त्यांच्या कानावर मॅवॉ आणि शिवॉन केव्हाच पडलेले असतात. त्याच मालिकांबद्दल कोरियन प्रेक्षक आणि वार्ताहर लिहितात तेव्हा सूड, फसवणूक, खून यांनी भरलेली कथा 'मॅउन मात' म्हणजे तिखट चवीची ठरते, घरगुती, हळुवार कथा 'सुन्हान मात', सौम्य चवीची. आणि मालाथांगची लाट आल्यापासून तिखटाच्याही वरची एक पायरी जोडली गेली आहे: वळणावळणाला धक्के देणारी मालिका 'माला मात', जिभेला मुंग्या आणणाऱ्या तिरफळ-मिरचीच्या रश्श्याच्या चवीची.